गोल्फच्या बंकरमधून बॉल बाहेर कसा काढायचा, नवख्यांसाठी अगदी पहिल्यापासून

बंकर शॉटची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण ती डोक्यात बसली की बाकीचं अर्धं काम आपोआप होतं. बंकर म्हणजे कोर्सवरचा वाळूचा खड्डा, आणि ग्रीनशेजारच्या (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) बंकरमध्ये बॉलला मारायचंच नसतं. तुम्ही बॉलच्या मागची वाळू उडवता आणि ती उडालेली वाळू बॉलला सोबत घेऊन बाहेर जाते, क्लबचा फेस, म्हणजे पुढची सपाट बाजू, बॉलला लागतच नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण वाळूत पाय रोवून उभं राहिलं आणि समोर तो उंच काठ दिसला की हात ऐकत नाहीत, बॉल खालून उचलून द्यायला जातात, आणि मग दोनपैकी एक होतं, एकतर क्लब वाळूत रुतून बसतो आणि बॉल फूटभर सरकून पुन्हा तिथेच, नाहीतर क्लबची धार बॉलच्या पोटात लागते आणि बॉल ग्रीनवरून सूं करत पार पलीकडच्या झाडीत.

नवख्या माणसाने सुरुवातीला एकच टार्गेट ठेवावं, बॉल एका शॉटमध्ये वाळूतून बाहेर आला पाहिजे, कुठेही. होलजवळ वगैरे नंतर बघू. पीजीए टूरवरचे लोकसुद्धा ग्रीनशेजारच्या बंकरमधून बॉल बाहेर काढून पुढच्या एकाच पटमध्ये (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा शॉट) होल करणं हे साधारण निम्म्या वेळीच जमवतात, आणि त्यांचं पोट यावर चालतं. तेव्हा तुमचा बॉल ग्रीनवर कुठेतरी पडला आणि मग दोन पट लागले तर तो चांगला बंकर शॉट समजा, उगाच मनाला लावून घेऊ नका.

आत पाऊल टाकायच्या आधी

नियम आधी सांगतो कारण शॉट नीट बसूनसुद्धा फुकटची पेनल्टी लागते ती इथेच. बॉल बंकरमध्ये असताना वाळू कशी आहे हे तपासायला हाताने, क्लबने किंवा रेकने (वाळू सपाट करायचं दाताळं) मुद्दाम टोकून बघायचं नाही. बॉलच्या लगेच मागे किंवा पुढे क्लब वाळूवर टेकवायचा नाही. प्रॅक्टिस स्विंग करायचा असेल तर खुशाल करा पण वाळूला स्पर्श नको, आणि खरा शॉट मारताना मागे नेतानासुद्धा क्लब वाळूला घासला तर तीही चूकच. यातलं काहीही केलं तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजतात तो खेळ) 2 स्ट्रोकची पेनल्टी आणि मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत) ते होलच गेलं. गवतावर क्लब बॉलमागे टेकवायची इतकी सवय झालेली असते की इथेही हात आपोआप खाली जातो, म्हणून आत शिरल्याशिरल्या क्लब जरा वर, हवेत धरायची सवय लावून घ्या.

2019 पासून नियम बरेच सैल झालेत हे मात्र चांगलं झालं. आता बॉलजवळचं वाळकं पान, काडी, खडा उचलून बाजूला टाकता येतो, पूर्वी त्याला हात लावायची सोय नव्हती. फक्त ते उचलताना बॉल हलला तर 1 स्ट्रोक जातो आणि बॉल परत जागेवर ठेवावा लागतो, त्यामुळे बॉलला टेकलेली काडी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरा क्लब वाळूत बाजूला ठेवणं, थांबलेलं असताना क्लबवर टेकून उभं राहणं, उभं राहताना पाय वाळूत घट्ट रोवणं हे सगळं चालतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पहिला शॉट फसला आणि बॉल अजून त्याच बंकरमध्ये आहे तर हे सगळे नियम अजून लागू आहेत, म्हणजे "असं मारायला हवं होतं" म्हणत वाळूत एक प्रॅक्टिस स्विंग हाणला की लागली पेनल्टी. रागाने क्लब आपटला तर त्याला पेनल्टी नाही, गंमतच आहे, पण प्रॅक्टिस म्हणून आपटला तर आहे.

बॉल बंकरमध्ये आहे की नाही हेही बघा. बंकरच्या आतल्या वाळूला बॉलचा कुठलाही भाग टेकलेला असेल तर तो बंकरमध्ये. काठावरच्या गवतावर किंवा गवताच्या भिंतीत अडकलेला असेल तर तो बंकरमध्ये धरत नाहीत आणि तिथे क्लब टेकवता येतो.

हे नियम फक्त नवख्यांनाच नडतात असं नाही. 2010 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सच्या कोर्सवर डस्टिन जॉन्सन शेवटच्या होलवर आघाडीवर होता, बॉल जिथे होता ती जागा लोकांनी तुडवलेली मातीची जागा वाटली, प्रत्यक्षात तो बंकर होता, त्याने क्लब टेकवला आणि 2 स्ट्रोक गेले, प्लेऑफमध्ये जायची संधीही गेली. ती स्पर्धा मार्टिन कायमर जिंकला. कुठे उभे आहोत याची शंका असेल तर क्लब टेकवूच नका, काही बिघडत नाही.

क्लब कुठला घ्यायचा

सँड वेज. साधारण 54 ते 58 डिग्री लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे फेस मागे किती कललाय तो कोन), बहुतेकांकडे 56 असतो. पण लॉफ्टपेक्षा महत्त्वाचा असतो बाउन्स. क्लब उलटा करून त्याचा तळ बघा, पुढची धार जमिनीपासून जरा वर असते आणि तळाचा मागचा भाग खाली फुगलेला असतो, हा जो कोन आहे तो बाउन्स. सँड वेजला तो बहुधा 10 ते 14 डिग्री असतो. याच्यामुळे क्लब वाळूत खणत न जाता वरवर सरकून परत बाहेर येतो, जसा चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जातो तसं.

हा क्लब पूर्वी नव्हताच. अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेनने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावेळच्या निब्लिक नावाच्या क्लबच्या तळाला सोल्डर करून वजन चढवलं, मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली आणला, विमानाच्या शेपटीवरून हे सुचलं असं तो सांगायचा, आणि 1932 ची ब्रिटिश ओपन तो हाच क्लब घेऊन जिंकला. त्याआधी लोक पातळ धारेच्या क्लबने वाळूतून बॉल काढत होते, विचार करा.

नवीन असाल तर 60 डिग्रीच्या नादाला लागू नका. त्याने बॉल खूप वर जातो पण पुढे जात नाही, आणि स्विंग जरा कमी पडला की बॉल परत पायाशी. आणि ज्यांच्याकडे फक्त पिचिंग वेज आहे त्यांना फेस जास्त उघडून काम भागवता येतं, पण त्याला बाउन्स कमी असल्याने तो रुततो लवकर. बंकर नीट शिकायचे असतील तर आधी एक सँड वेज घ्या.

उभं कसं राहायचं

इथे पाच मिनिटं जास्त द्या. माझ्या मते नवख्या लोकांचे बंकरमधले बहुतेक शॉट स्विंग सुरू व्हायच्या आधीच फसलेले असतात.

सगळ्यात आधी फेस उघडायचा आणि मग ग्रिप घ्यायची. हा क्रम उलटा करू नका. बरेच जण नेहमीसारखी ग्रिप घेतात आणि मग मनगटं वळवून फेस उघडा दाखवतात, खाली येताना मनगटं आपल्या मूळ जागी येतात आणि फेस परत बंद, मग पुढची धार खणायला लागते. म्हणून एका हाताने क्लब समोर धरा, शाफ्ट (क्लबचा दांडा) बोटांत फिरवून फेस आकाशाकडे जरासा वळवा, घड्याळात 12 वाजता असलेली धार 1 च्या जवळ आली की पुरे (डावखुऱ्यांसाठी 11), आणि आता ग्रिप धरा. फेस उघडला की बाउन्स आणखी कामाला येतो, खरं तर म्हणूनच उघडायचा.

पाय एकमेकांपासून नेहमीपेक्षा जरा लांब ठेवा आणि वाळूत घोळवून घोळवून इंचभर रोवा. यात दोन फायदे आहेत, एक म्हणजे स्विंग करताना पाय घसरत नाहीत, आणि दुसरा म्हणजे वाळू किती मऊ आहे, खाली टणक थर किती वर आहे हे तळपायाला कळतं. हाताने तपासायला बंदी आहे पण उभं राहायला पाय रोवायला परवानगी आहे, तर हा फायदा पुरेपूर घ्या. पाय इंचभर खाली गेले की तुम्हीही इंचभर खाली गेलात, म्हणजे क्लब आपोआप वाळूत खोल जाणार, आपल्याला नेमकं तेच हवंय. कुणाला फार खोल वाटत असेल तर ग्रिप जरा खाली धरा.

बॉल कुठे हवा, तर पुढच्या पायाच्या टाचेच्या जवळपास समोर. पुढचा पाय म्हणजे टार्गेटकडचा. वजन पुढच्या पायावर जास्त, म्हणजे 60 टक्के वगैरे, आणि शॉट संपेपर्यंत ते तिथेच राहिलं पाहिजे, मागे झुकायचं नाही. बॉल वर जावा म्हणून मागे झुकणं ही इतकी नैसर्गिक चूक आहे की जवळपास प्रत्येकजण करतो, मागे झुकलं की क्लब वाळूत बॉलच्या फार आधी शिरतो किंवा वर उचलत बॉलवर येतो. बॉल वर न्यायचं काम लॉफ्टचं आहे, तुमच्या खांद्याचं नाही.

पायांची लाईन टार्गेटच्या जराशी डावीकडे (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी), कारण उघडा फेस उजवीकडे बघत असतो आणि दोन्ही मिळून बॉल साधारण सरळ जातो. यात फार गणित करू नका. जुनी पुस्तकं खूप ओपन स्टान्स (टार्गेटपासून वळून उभं राहायची ढब) आणि खूप बाहेरून आत कापणारा स्विंग शिकवतात, तेवढं वळायची नवख्याला काही गरज नाही, थोडंसं पुरतं. गुडघे जरा जास्त वाकवा, हात जरा खाली, आणि ग्रिपचं टोक तुमच्या पोटाच्या मधल्या भागाकडे ठेवा. हात बॉलच्या खूप पुढे नेले की शाफ्ट पुढे झुकतो, बाउन्स गायब होतो आणि धार खणते. हे एकच तपासलं तरी निम्मे रुतलेले शॉट कमी होतील.

आता मारायचं

नजर बॉलवर ठेवायचीच नाही. बॉलच्या मागे साधारण दोन इंचावर, चार-पाच सेंटिमीटर म्हणा, वाळूचा एक कण निवडा आणि त्याच्याकडेच बघत राहा. क्लब तिथे शिरणार, बॉलच्या खालून उथळ सरकणार आणि बॉलच्या पुढे दोन-तीन इंचावर बाहेर येणार. बॉल फक्त त्या उडालेल्या वाळूवर बसून जातो. एक चित्र डोळ्यासमोर ठेवा, बॉल साधारण वीतभर लांबीच्या वाळूच्या पट्ट्याच्या मध्ये ठेवलाय आणि तुम्हाला तो अख्खा पट्टा ग्रीनवर फेकायचाय.

मागे नेताना मनगटं लवकर वाकू द्या, क्लब जरा उभा जाऊ द्या. खाली येताना उजवा हात (डावखुऱ्यांचा डावा) बॉलखालून सैल सोडून द्या, क्लबचं खालचं टोक हातांच्या पुढे निघून गेलं तरी चालतं, गवतावर आयर्न मारताना हे चुकीचं असतं पण इथे तेच हवंय.

आणि थांबायचं नाही. हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. होल दहा यार्डांवर दिसतो, मनात येतं एवढ्या जवळ एवढा जोरात कसा मारू, आणि क्लब वाळूला लागायच्या क्षणी हात ढिले पडतात. वाळू बॉलपेक्षा किती जड असते बघा, बॉल 46 ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचा, आणि त्याच्यासोबत तुम्ही मूठ-दोन मुठी वाळू उडवताय, जोर त्या वाळूत जातो. ढोबळ हिशोब असा की गवतावरून 25-30 यार्ड मारायला जेवढा स्विंग लागतो तेवढ्याने वाळूतून बॉल दहा-बारा यार्ड जातो. म्हणजे खुशाल मोठा स्विंग घ्या, फॉलो थ्रू पूर्ण करा, शेवटी छाती टार्गेटकडे वळली पाहिजे आणि क्लब कमरेच्या वर गेला पाहिजे. चांगल्या शॉटचा आवाजही वेगळा असतो, जाड, "धप्प" असा, एकदा ऐकला की पुढे कानानेच कळतं.

अंतर कसं कमी-जास्त करायचं

बॉलच्या मागे किती इंच मारायचं हे बदलून अंतर साधायला जाऊ नका, काही लोक तसं शिकवतात पण नवख्याला दोन इंचाचा अंदाज धड येत नाही तिथे तो एक इंच आणि तीन इंचात फरक कसा करणार. वाळूतली जागा तीच ठेवा आणि स्विंग किती मोठा आणि किती वेगाचा ते बदला. जवळचा होल असेल तर हात मागे छातीपर्यंत आणि फॉलो थ्रू छातीपर्यंत, लांबचा असेल तर दोन्ही बाजूला खांद्याच्या वर. दोन्ही वेळा वाळूतून जाताना क्लब वेग घेत असला पाहिजे, लहान स्विंग म्हणजे मंद स्विंग नव्हे.

तीस-चाळीस यार्डांचा बंकर शॉट हा गोल्फमधल्या सगळ्यात अवघड शॉटांपैकी एक मानतात, तिथे सँड वेजने जीव काढण्यापेक्षा गॅप वेज (सँड आणि पिचिंग वेजच्या मधला) किंवा अगदी 9 आयर्न फेस जरा उघडून घ्या आणि तसाच वाळूचा शॉट मारा, बॉल खाली राहील आणि पुढे पळेल.

वाळू वाळूत फरक असतो

कोरडी, मऊ, खोल वाळू असेल तर फेस जास्त उघडा आणि जोर जास्त, कारण क्लब बुडायला बघतो. ओली किंवा घट्ट दाबलेली वाळू असेल तर उलट, फेस जवळजवळ सरळ ठेवा, कारण टणक वाळूवर बाउन्स आपटून उडतो आणि धार सरळ बॉलवर येते. ओल्या वाळूतून बॉल वेगाने निघतो आणि जास्त पळतो, त्यामुळे स्विंग जरा लहान. पाऊस पडून गेल्यावर ग्रीनशेजारचे निम्मे शॉट पलीकडे का जातात हे यातच आलं.

टणक वाळू, काठ अगदी सपाट, समोर उंचवटा नाही असं असेल तर पटर घ्या. हो, बंकरमधून पटर. दिसायला कसंतरीच दिसतं पण नियमात बसतं आणि नवख्यासाठी कितीतरी वेळा वेजपेक्षा सेफ असतं.

रुतलेला बॉल, म्हणजे फ्राईड एग

वरून पडलेला बॉल वाळूत अर्धा गाडला जातो आणि भोवती कडं तयार होतं, याला सगळे फ्राईड एग म्हणतात. इथे वर सांगितलेलं बरंचसं उलटं करायचं. आता आपल्याला खणायचंच आहे, म्हणून फेस सरळ किंवा जरासा बंद, बॉल स्टान्सच्या मध्यावर, वजन आणखी पुढे, क्लब उभा उचला आणि त्या कड्याच्या मागच्या काठावर खच्चून खाली मारा. फॉलो थ्रूची काळजी करू नका, क्लब वाळूत अडकला तरी चालेल. बॉल खाली राहून निघेल आणि ग्रीनवर खूप पळेल, स्पिन काही नसेल. म्हणून होलकडे न मारता ग्रीनचा सगळ्यात मोठा भाग जिकडे आहे तिकडे मारा.

चढ आणि उतार

बॉल चढावर असेल (टार्गेटकडे वर) तर खांदे त्या चढाला समांतर करा, मागचा खांदा खाली जाईल, आणि चढाच्या दिशेनेच क्लब वर सोडा. बॉल सरळ वर जातो आणि लगेच खाली पडतो, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. नवखे इथे हमखास शॉर्ट पडतात.

उतारावर, म्हणजे बंकरच्या मागच्या काठाजवळ, ती खरी पंचाईत. मागची वाळू बॉलपेक्षा उंच असते, क्लब आधी तिलाच लागतो. खांदे उताराला समांतर, पुढचा खांदा खाली, वजन जवळजवळ सगळं पुढच्या पायावर, बॉल जरा मागे, फेस जास्त उघडा, आणि मारल्यावर क्लब उताराच्या बाजूने खाली खालीच जाऊ द्या, वर उचलायचा मोह टाळा. बॉल खाली राहील आणि पळेल हे गृहीत धरूनच टार्गेट ठरवा. समोर काठ उंच असेल तर हा शॉट नवख्याने खेळूच नये, बाजूने बाहेर पडावं.

बॉल पायांपेक्षा वर असेल तर ग्रिप खाली धरा आणि उजव्या हाताने खेळत असाल तर टार्गेट जरा उजवीकडे घ्या कारण बॉल डावीकडे जायला बघतो. पायांपेक्षा खाली असेल तर गुडघे खूप वाकवून खाली बसा आणि शॉट होईपर्यंत तसेच बसून राहा.

फेअरवे बंकर वेगळा

फेअरवे म्हणजे ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा. तिथल्या, ग्रीनपासून 150 यार्डांवरच्या बंकरमध्ये वाळू उडवून भागत नाही, इथे बॉल आधी आणि वाळू नंतर. म्हणून सगळं वेगळं होतं. बॉल साधारण मध्यावर, पाय जेमतेम रोवायचे, ग्रिप इंचभर खाली, एक नंबर लांब जाणारा क्लब (म्हणजे 8 आयर्नच्या जागी 7), आणि खालचं शरीर शक्य तितकं शांत ठेवून तीन-चतुर्थांश स्विंग. बॉलच्या मागच्या भागाऐवजी पुढच्या भागाकडे बघा, त्याने क्लब वाळूला आधी लागायचं प्रमाण कमी होतं. इथे जरा टॉप झालेला, म्हणजे बॉलच्या वरच्या भागाला लागलेला, शॉट चालतो, मागे वाळूला लागलेला अजिबात चालत नाही.

पण या सगळ्याआधी काठ बघायचा. कुठला क्लब काठ ओलांडेल हे कळायला एक साधी युक्ती आहे, बंकरच्या बाहेर गवतावर क्लब असा ठेवा की फेस आकाशाकडे आणि ग्रिप टार्गेटकडे, मग फेसवर पाय देऊन तो जमिनीला सपाट दाबा, शाफ्ट जेवढा वर उठेल साधारण त्या कोनात बॉल निघतो. हे बाहेरच करा, आत वाळूवर नको. शंका असली तर जास्त लॉफ्टचा क्लब घ्या, ग्रीन विसरा. सँडी लाईलने 1988 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या होलवर फेअरवे बंकरमधून 7 आयर्नने बॉल ग्रीनवर आणला, पट टाकला आणि स्पर्धा जिंकली, तो शॉट बघायला मजा येते पण तो लाईल होता.

कधी सोडून द्यायचं

2000 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजवर, जिथे शंभराहून जास्त बंकर आहेत, टायगर वुड्सचा बॉल चार दिवसांत एकदाही बंकरमध्ये गेला नाही आणि तो जिंकला. त्याच स्पर्धेत शेवटच्या दिवशी डेव्हिड डुव्हालला 17 व्या होलच्या रोड बंकरमधून बाहेर यायला चार शॉट लागले. त्याच बंकरमध्ये 1978 साली जपानच्या टॉमी नाकाजिमाचीही हीच गत झाली होती, बॉल दोन शॉटमध्ये ग्रीनवर होता, पट जोरात गेला आणि बंकरमध्ये घुसला, होल संपलं तेव्हा 9 झाले होते. जॅक निकलॉसने 1995 मध्ये त्याच कोर्सवरच्या हेल बंकरमध्ये अडकून 14 व्या होलवर 10 केले. उंच उभी भिंत आणि बॉल तिच्या पायथ्याशी असेल तर मागे किंवा बाजूला मारून बाहेर या, त्यात लाज कसली.

तेही शक्य नसेल तर बॉल अनप्लेएबल, म्हणजे खेळता न येण्यासारखा, जाहीर करा. 1 स्ट्रोक देऊन तुम्ही आधीच्या जागी जाऊन पुन्हा मारू शकता, किंवा बंकरच्या आतच बॉलपासून दोन क्लब लांबीत (होलच्या जवळ न जाता) ड्रॉप घेऊ शकता, म्हणजे बॉल हाताने खाली सोडून तिथून खेळू शकता, किंवा होल आणि बॉलच्या सरळ रेषेत मागे पण बंकरच्या आतच. 2019 पासून आणखी एक मार्ग आहे, 2 स्ट्रोक देऊन त्याच रेषेत मागे बंकरच्या बाहेर ड्रॉप. दोन स्ट्रोक जास्त वाटतात, पण ज्याला त्या खड्ड्यातून चार शॉट लागणार आहेत त्याच्यासाठी हा स्वस्तातला सौदा आहे.

प्रॅक्टिस

प्रॅक्टिस बंकरमध्ये क्लबने वाळूत एक लांब सरळ रेघ ओढा, पायांच्या मध्यापेक्षा जरा पुढे येईल अशी, आणि बॉल न ठेवता रेघेवर मारत मारत पुढे सरका. प्रत्येक खड्डा वाकून बघा. तो रेघेवरच सुरू झालाय का? उथळ आहे का? वीतभराच्या आतबाहेर लांब आहे का? पहिल्या दिवशी खड्डे रेघेच्या चार इंच मागे, कधी पुढे, कधी नांगरल्यासारखे खोल असे सगळीकडे पडतात. ते रेघेला चिकटायला लागले की रेघेच्या दोन इंच पुढे बॉल ठेवा आणि तसंच रेघेला मारा, बॉलकडे दुर्लक्ष करून. खड्डा खोल येत असेल तर फेस बंद होतोय किंवा हात पुढे जातायत, खड्डा मागे पडत असेल तर वजन मागे जातंय, खड्डाच नसेल तर तुम्ही वर उचलताय. बॉल कुठे गेला यापेक्षा खड्डा जास्त खरं सांगतो.

हे प्रॅक्टिस बंकरमध्येच, खेळताना रेघ ओढली तर काय होईल ते वर वाचलंच आहे.

बाहेर येताना

बंकरमध्ये नेहमी खालच्या बाजूने, बॉलच्या सगळ्यात जवळच्या काठावरून शिरा आणि तिथूनच बाहेर या, उंच काठावरून उडी मारून काठ ढासळवू नका. रेक आत जातानाच सोबत न्या म्हणजे परत फेरी नको. शॉट झाल्यावर स्वतःचा खड्डा, पायाच्या खुणा आणि जाता-येता दिसलेली दुसऱ्या कुणाची खूण असेल तर तीही सपाट करा, वाळू ओढत काठावर ढीग करू नका, ढकलून आत पसरा. ग्रीनवर जायच्या आधी बुटांवर क्लबने दोन टपल्या मारून वाळू झाडा, नाहीतर ती पुढच्या माणसाच्या पटच्या लाईनमध्ये पडते. रेक आत ठेवायचा की बाहेर यावर लोकांची भांडणं होतात, त्या कोर्सवर जशी पद्धत असेल तसा ठेवा, काहीच सांगितलेलं नसेल तर बाहेर, बॉल अडणार नाही अशा बाजूला, खेळाच्या दिशेला समांतर.